अडखळणाऱ्या चित्राचा दोष रॅमवर ढकलण्यापूर्वी

टीव्हीला जोडलेल्या संगणकावर चित्रपट अडखळत असेल तर संगणक कमकुवत आहे असे समजावे, असा एक सल्ला बराच काळ या हातातून त्या हातात फिरतो आहे. त्यात उपायही क्रमाने दिलेले असतात: रॅम दुप्पट करा, हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा, वेगळे ग्राफिक्स कार्ड घ्या, कोडेक पॅक (व्हिडिओ उलगडणाऱ्या सॉफ्टवेअरचा संच) टाका, आणि एवढे करूनही भागले नाही तर प्लेअरचा बफर वाढवा. यातला प्रत्येक उपाय कुठल्या ना कुठल्या संगणकावर कधीतरी लागू पडलेला असतो, म्हणून सल्ला टिकून आहे. परंतु ‘अडखळणे’ या एका शब्दाखाली निरनिराळे दोष एकत्र कोंबले जातात आणि त्यांतल्या एका महत्त्वाच्या दोषाचा संगणकाच्या ताकदीशी काहीही संबंध नसतो, हे या सल्ल्याला ठाऊकच नाही.

रॅमपासून सुरुवात करू, कारण सर्वांत सहज खर्च तिच्यावरच होतो. फोर-के चित्रपटाची १०-बिट (प्रत्येक रंगमूल्याला १० बिट) फ्रेम, म्हणजे एक स्थिर चित्र, ३८४० गुणिले २१६० बिंदूंची असते. रंगाची माहिती निम्म्या रुंदी-उंचीत साठवली जात असल्याने आणि प्रत्येक मूल्याला २ बाइट लागत असल्याने ती उलगडल्यावर, म्हणजे आकुंचित फाइलमधून पूर्ण चित्र बनवल्यावर, सुमारे २५ मेगाबाइट जागा घेते. प्लेअरने अशा डझनभर फ्रेम हाताशी ठेवल्या तरी ३०० मेगाबाइटच्या आसपास जागा पुरते. ८ गिगाबाइट रॅम असलेल्या संगणकावर फक्त चित्रपट चालू असताना तो अडखळत असेल, तर १६ गिगाबाइट केल्याने ती अडखळण जाणार नाही. रॅम खरोखरच संपली असेल तर चित्रपटच काय, माउससुद्धा रेंगाळू लागतो. एक अपवाद मात्र मान्य केला पाहिजे: प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्सला मुख्य रॅमच वापरावी लागते, त्यामुळे एका पट्टीऐवजी दोन पट्ट्या दोन चॅनेलवर बसवल्या तर चित्र मोठे करणे किंवा डीइंटरलेसिंगसारखी (ओळीआड ओळ साठवलेले चित्र जुळवण्यासारखी) जड कामे हलकी होऊ शकतात. तो फायदा माहितीच्या वाढलेल्या वहनाचा असतो, साठवणुकीचा नसतो.

एसएसडीचा मुद्दा आकड्यांपुढे आणखी लवकर कोसळतो. फोर-के ब्लू-रे डिस्कचा कमाल वेग सेकंदाला १२८ मेगाबिट, म्हणजे १६ मेगाबाइट आहे. साधी ३.५ इंची हार्ड डिस्क सलग वाचताना सेकंदाला १०० मेगाबाइटच्या पुढे जाते. झोपलेली डिस्क फिरू लागेपर्यंत चित्र काही सेकंद थांबू शकते, पण तो एक सलग खोळंबा असतो, सतत बसणारे हिसके नसतात. खरी अडचण बहुधा वाटेत असते. फाइल दुसऱ्या यंत्रावर असेल आणि मधला एखादा जुना नेटवर्क स्विच किंवा खराब झालेली केबल १०० मेगाबिटवरच जोडली जात असेल, तर सरासरी वेग त्यात बसत असूनही धावपळीच्या प्रसंगी वाढलेला प्रवाह त्यातून निघत नाही. २.४ गिगाहर्ट्‌झच्या वायफायवर शेजारची इतर वायफाय नेटवर्क आणि स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही अडथळा आणतात. तीच फाइल संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर उतरवून लावून पाहिली की या संपूर्ण शंकेचा निकाल दहा मिनिटांत लागतो.

ग्राफिक्स कार्डाबद्दलचा दावा अर्धवट खरा आहे आणि म्हणूनच अधिक फसवा आहे. व्हिडिओ उलगडण्याचे काम खेळांसाठी लागणारी ताकद करत नाही. त्यासाठी चिपवर वेगळा, ठरावीक फॉरमॅटपुरताच घडवलेला भाग असतो. एनव्हिडियाचे जीटीएक्स ९८० हे जीटीएक्स ९६० पेक्षा ताकदीने आणि किमतीने कितीतरी वरचे होते, तरी एचईव्हीसी (फोर-के चित्रपटांत वापरला जाणारा व्हिडिओ फॉरमॅट) पूर्णपणे हार्डवेअरमध्ये उलगडण्याची सोय होती ती नंतर, २०१५ साली आलेल्या स्वस्त ९६० मध्ये. इंटेलच्या सहाव्या पिढीच्या अंगभूत ग्राफिक्सला ८-बिट एचईव्हीसी झेपत असे आणि १०-बिटसाठी सातवी पिढी यावी लागली. एव्ही१ या आणखी नव्या फॉरमॅटची सोय अकराव्या पिढीपासून मिळाली. उलट १०-बिट एच.२६४ हा प्रकार फॉरमॅट म्हणून जुना असूनही बहुतेक ग्राफिक्स चिपांना तो उलगडता येत नाही आणि तो भार प्रोसेसरवरच पडतो. त्यामुळे कार्ड किती मोठे आहे यापेक्षा आपल्या फाइलचा फॉरमॅट कोणता आणि त्यासाठीचा भाग आपल्या चिपवर आहे की नाही, एवढेच पाहावे. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूच्या पानावर व्हिडिओ डिकोडचा आलेख दिसतो. चित्रपट चालू असताना तो शून्यावर आणि प्रोसेसर मात्र शिगेला पोहोचलेला असेल, तर पुष्कळदा दोष हार्डवेअरचा नसून प्लेअरमधली किंवा ब्राउझरमधली हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशनची (उलगडण्याचे काम चिपवर सोपवण्याची) खूण काढलेली असते.

आता या सल्ल्यात कुठेच नसलेल्या गोष्टीकडे येतो. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा, नेमके सांगायचे तर बहुतेक फाइलींमध्ये २३.९७६ फ्रेमचा असतो आणि संगणक टीव्हीला सेकंदाला ६० वेळा चित्र पाठवत असतो. ६० ला २४ ने निःशेष भाग जात नाही, म्हणून एक फ्रेम तीन वेळा आणि पुढची दोन वेळा दाखवली जाते: एक ५० मिलिसेकंद, दुसरी ३३ मिलिसेकंद. कॅमेरा संथपणे आडवा सरकू लागला की हा लंगडेपणा डोळ्यांना टोचतो, आणि गंमत अशी की प्लेअरच्या मोजणीत गळलेल्या फ्रेमची संख्या शून्यच राहते, कारण एकही फ्रेम गळलेली नसते. या ठिकाणी जगातला सर्वांत वेगवान संगणकही तसाच लंगडतो. मीही एकेकाळी याच दोषापायी रॅमच्या दोन पट्ट्या विकत घेतल्या होत्या. चित्र सुधारले ते टीव्हीचा रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा पाठवले जाते तो आकडा, बदलल्यावर. एचडीएमआय १.४ जोडणीवर फोर-के जेमतेम ३० हर्ट्‌झने जाते आणि तिथे प्रत्येक चौथी फ्रेम दोनदा दिसते, म्हणून जुनी केबल किंवा जुने पोर्ट असलेल्यांनी हेही तपासावे.

उपाय फुकटचा आहे. कोडी या प्लेअरमध्ये व्हिडिओनुसार रिफ्रेश रेट बदलण्याची सोय आहे, ती सुरू करावी. २४ आणि २३.९७६ यांतला फरक किरकोळ समजू नये: २३.९७६ ची फाइल नेमक्या २४ हर्ट्‌झवर लावली तर सुमारे दर ४२ सेकंदांनी एक फ्रेम दोनदा दाखवावी लागते, आणि घड्याळ लावल्यासारख्या येणाऱ्या त्या एका झटक्यासाठी लोक अँटिव्हायरस काढून टाकतात. एमपीव्हीसारखे प्लेअर चित्राची गती पडद्याशी जुळवून आवाज त्यानुसार किंचित ताणतात. मात्र आवाज पासथ्रूने, म्हणजे न उलगडता, थेट स्पीकरांच्या रिसीव्हरकडे जात असेल तर तो ताणता येत नाही.

कोडेक पॅकबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. व्हीएलसी, कोडी आणि एमपीव्ही आपले डिकोडर स्वतःसोबत आणतात. पॅक टाकल्याने त्यांच्यात काडीचाही फरक पडत नाही. ज्या प्लेअरांवर पडतो, त्यांच्यात विंडोजच्या डायरेक्टशो या व्यवस्थेचे एकाहून अधिक फिल्टर (उलगडणारे घटक) एकाच कामासाठी पुढे सरसावतात आणि आधी नीट चालणारी फाइलही बिघडू शकते.

बफर म्हणजे पाण्याची टाकी. नळाला पाणी अधूनमधून येत असेल, म्हणजे नेटवर्क डळमळीत असेल, तर मोठी टाकी उपयोगी पडते. नळाची धारच सतत अपुरी असेल तर ती फक्त उशिरा रिकामी होते. आणि फ्रेम उलगडण्याचे काम हळू होत असेल तर टाकी भरलेलीच आहे, तोटी अरुंद आहे. तिथे टाकी वाढवून काय मिळणार?

म्हणून खर्चाआधी गळलेल्या फ्रेमचा आकडा पाहावा. एमपीव्हीमध्ये आय ही कळ दाबली की तो पडद्यावर येतो. आकडा वाढत असेल तर दोष उलगडण्यात किंवा दाखवण्यात आहे. आकडा स्थिर राहून झटके ठरावीक लयीत येत असतील तर रिफ्रेश रेट पाहावा, आणि चित्र पूर्ण थांबून पुन्हा सुरू होत असेल तर वाट तपासावी. पहिली वीस मिनिटे सुरळीत जाऊन मग आकडा वाढू लागला, तर बंद कपाटात ठेवलेला, धुळीने भरलेला संगणक तापून आपला वेग कमी करत असण्याची शक्यता आधी विचारात घ्यावी. अशा वेळी कमकुवतपणाचा संशय येतो खरा, पण पंखा पुसला की तो फिटतो.

हे सर्व जुळवल्यावरही वेगाने सरकणारी दृश्ये, विशेषतः ओएलईडी पडद्यावर, थोडी तुटक दिसतातच. तिथे एक फ्रेम दुसरीत जवळजवळ क्षणात बदलते, मधली पुसट छटा राहत नाही, त्यामुळे २४ फ्रेमचा मूळ तुटकपणा उघडा पडतो. तो चित्रीकरणातच आहे आणि त्यासाठी संगणकात बदलण्यासारखे काही नाही.