बेकेटचा खून आणि ‘एकच कायदा’ हवा असलेला राजा

इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री आणि थॉमस बेकेट यांच्यावरचा एक मजकूर पुन्हा फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: बाराव्या शतकात पाद्र्यांना खून माफ होता, राजाला सगळ्यांसाठी एकच कायदा हवा होता, कँटरबरीचा आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख, बेकेट आडवा आला, राजाने त्याचा काटा काढला आणि चर्चचा न्यायाधिकार संपला.

‘खून माफ’ नव्हता, शिक्षा वेगळी होती. चर्चच्या न्यायालयाला देहदंड देता येत नसे. दीक्षा काढून घ्यायची, प्रायश्चित्त द्यायचं, फार तर कोंडून ठेवायचं. राजाच्या तक्रारीत तथ्य होतं, हे मान्य. बेडफर्डचा कॅनन (चर्चमधला एक पाद्री) फिलिप द ब्रॉय याच्यावर एका नाइटच्या, म्हणजे सरदाराच्या, खुनाचा आरोप होता. बिशपच्या न्यायालयात तो शपथेवर सुटला.

पण ‘एकच कायदा’? जानेवारी ११६४ मध्ये राजाने क्लॅरेंडन इथे बिशपांपुढे ठेवलेली १६ कलमं बघा. तिसऱ्या कलमातही पाद्र्याचा निवाडा चर्चच करणार आहे. आधी राजाच्या न्यायालयात हजेरी, मग चर्चमध्ये खटला, तिथे राजाचा माणूस हजर आणि दोष सिद्ध झाला की चर्चने त्याला संरक्षण द्यायचं नाही, म्हणजे पुढची शिक्षा राजाची. बेकेट म्हणाला, एका गुन्ह्याला दोन शिक्षा देवही देत नाही. मला हे पटत नाही. दीक्षा जाणं आणि फास लागणं यांत फरक आहे. तरी हा युक्तिवाद होता, नुसती पाठराखण नव्हती. बाकीची कलमं तर मजकूरवाल्यांनी वाचलेलीच दिसत नाहीत. रिकाम्या बिशपपदाचं उत्पन्न राजाला, राजाला विचारल्याशिवाय पोपकडे अपील नाही, भूदासाच्या मुलाला मालकाच्या संमतीविना दीक्षा नाही. याला समता म्हणायचं? खुद्द हेन्री तर ‘हे माझ्या आजोबांच्या काळचे रिवाज’ एवढंच म्हणत होता.

२९ डिसेंबर ११७० रोजी चार नाइट्सनी बेकेटला कॅथेड्रलमध्ये मारलं. राजा संतापून बोलला होता, पण ठार करण्याचा हुकूम त्याने दिल्याचा पुरावा नाही. त्याच्या तोंडी घातलं जाणारं ‘या उपद्रवी पाद्र्यापासून मला कुणी सोडवेल का?’ हे प्रसिद्ध वाक्यही ‘ध’चा ‘मा’ होत नंतर घडलेलं. शिवाय त्या वेळी ठिणगी पडली ती राजपुत्राच्या राज्याभिषेकावरून. तो मान कँटरबरीचा. तो यॉर्कच्या आर्चबिशपने घेतला, म्हणून बेकेटने संबंधित बिशपांवर कारवाई केली होती.

आणि न्यायाधिकार संपला? उलट ११७६ मध्ये हेन्रीने कबूल केलं की राजाच्या जंगलातले गुन्हे आणि जहागिरीचे वाद सोडले तर पाद्र्यांना राजाच्या न्यायालयात खेचणार नाही. गंमत म्हणजे पाद्र्याला मारणाऱ्याला चर्च फक्त बहिष्कृत करू शके, त्यामुळे आमचे जीव स्वस्त झाले, अशी तक्रार बेकेटच्या गादीवर आलेल्या रिचर्डनेच केली. अशा खुन्यांना राजाचीच शिक्षा, हेही त्याच वर्षी ठरलं.

राजाच्या न्यायालयाच्या शिक्षेतून सुटण्याची पाद्र्यांची ही सवलत पुढे वाचता येणाऱ्या कुणालाही मिळू लागली. बायबलमधल्या ५१व्या स्तोत्राची ओळ वाचून दाखवली की गळ्याचा फास टळे. १५९८ मध्ये नाटककार बेन जॉन्सनने द्वंद्वात एका नटाला मारलं. ही सवलत मागून तो सुटला, अंगठ्यावर डागणी घेऊन. कायद्यातून ती गेली १८२७ मध्ये.