कोथरूडहून बेकनचा निकाल

गेल्या रविवारी भाचीनं घरच्या ग्रुपवर एक फोटो टाकला. बिडाच्या तव्यावर बेकनच्या चार पट्ट्या, कडा कुरळ्या झालेल्या, आणि खाली प्रश्न: "आत्या, तूच सांग. डाएटवर असताना याच्या कॅलरी परवडतात का?" मी राहते तिथे, इंग्लंडमधल्या स्विंडनमध्ये, तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. मी चहा टाकून फोन हातात घेईपर्यंत कोथरूडमध्ये निकाल लागूनसुद्धा गेला होता.

दादा डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पंथातला. दिवसातून दोनदा जेवायचं, 55 मिनिटांत उरकायचं, कॅलरीबिलरी मोजत बसायचं नाही. त्याचं म्हणणं, बेकन खा नाहीतर दगड खा, पण जेवणाच्या वेळेलाच खा. वहिनी ऋजुता दिवेकरांच्या बाजूची. थोड्या थोड्या वेळानं खायचं, तुपाला घाबरायचं नाही, आणि आपल्या मातीतलं खायचं. 2018 च्या सुमारास निम्मा महाराष्ट्र या दोन तंबूंत वाटला गेला होता. आमच्याकडे ते दोन्ही तंबू एकाच डायनिंग टेबलावर आहेत, आणि मधे बसून ही पोरगी कीटो करते, म्हणजे पिष्ट जवळपास बंद आणि चरबी भरपूर. नागपूरच्या काकांनी कॅन्सरचा फॉरवर्ड टाकला. मग नेहमीप्रमाणे गाडी माझ्या दारात येऊन थांबली. वहिनीनं लिहिलं, "हे सगळं आत्याचं बघून. तिकडे काय, काहीही खातात."

ते 'काहीही' मला दिवसभर खुपत राहिलं.

आधी हिशेब करून टाकू, कारण हिशेब कुणीच केला नव्हता. भाचीच्या तव्यावर होतं ते स्ट्रीकी, डुकराच्या पोटाचं, चरबीच्या रेघारेघांचं. पुण्यात पाकिटात बहुतेक तेच मिळतं. त्याची पातळ पट्टी कुरकुरीत भाजली की जेमतेम आठ ग्रॅमची उरते, बाकीचं सगळं तव्यात वितळतं. कॅलरी साधारण 43, प्रोटीन तीन ग्रॅम. म्हणजे तिच्या चारही पट्ट्या मिळून पावणेदोनशेच्या आत. मी खाते ते बॅक बेकन, पाठीचं. ग्रिल केलेला एक रॅशर, म्हणजे एक काप, 25 ग्रॅमचा, कॅलरी सत्तरच्या आसपास, प्रोटीन सहा ग्रॅम. जवळपास एका अंड्याइतकंच. कडेची चरबी कापून टाकली तर पन्नाशीवर येतं. एकाच नावाच्या या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि कोणती हे न विचारताच कोथरूडनं फाशी सुनावली होती.

आणि सुनावली कुणी? वहिनीनं, जिची एकादशीची साबुदाण्याची खिचडी मला आजही स्वप्नात दिसते. शंभर ग्रॅम कोरडा साबुदाणा साडेतीनशे कॅलरीचा, सगळा पिष्टाचा. त्यावर दाण्याचं कूट. शंभर ग्रॅम दाणे साडेपाचशेच्या वर. वर तूप, बाजूला बटाट्याचा कीस. साधी एक प्लेट चारशेच्या घरात सहज जाते, आणि तिचं नाव उपवास.

हे लिहिताना मी सोयीचं तेवढं उचलतेय, मला कळतंय. काकांचा फॉरवर्ड, आश्चर्य म्हणजे, खरा होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवरच्या संस्थेनं 2015 मध्ये प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात टाकलं, म्हणजे कॅन्सर होतो याबद्दल पुरेसा पुरावा असलेल्या गोष्टींच्या. रोज 50 ग्रॅम खाल्लं तर आतड्याच्या कॅन्सरचा धोका 18 टक्क्यांनी वाढतो. 50 ग्रॅम म्हणजे माझे दोन रॅशर. एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, म्हणते, लाल आणि प्रक्रिया केलेलं मांस मिळून दिवसाला 70 ग्रॅमवर ठेवा. मिठाचं तर बोलायलाच नको. दोन रॅशरमध्ये दिवसाच्या सहा ग्रॅमांच्या मर्यादेपैकी पाव ते तिसरा हिस्सा संपतो. पाकिटावरचा मिठाचा चौकोन कायम लालच असतो. मीही तो बघते आणि ट्रॉलीत टाकते.

भाची "प्रोटीनसाठी खाते" म्हणते, तेही मला पटत नाही. प्रोटीनसाठी स्ट्रीकी बेकन खाणं म्हणजे जीवनसत्त्वासाठी आंबापोळी खाणं. माझं मत विचाराल तर बेकन हे तोंडी लावणं आहे. ताटात डाव्या बाजूला. लोणच्याच्या कॅलरी परवडतात का, असं कुणी विचारत नाही, कारण वाटीभर लोणचं कुणी खात नाही. इथल्या लोकांनी त्याची भाजी केली आणि भाचीनं त्याचं जेवण केलं, तिथे घोळ झाला. आमच्या ऑफिसखालच्या व्हॅनवर मिळणारा बेकन बॅप घ्या, म्हणजे मऊ गोल पावात घातलेलं बेकन. त्यात बेकनपेक्षा जास्त कॅलरी पांढऱ्या बॅपच्या आणि त्याला फासलेल्या लोण्याच्या असतात, वर ब्राउन सॉसमधली साखर. वडापावातही वड्याला शिव्या बसतात आणि पाव मोकळा सुटतो, तसंच.

पण इथे निदान कुणी कुणाच्या ताटात डोकावत नाही, असं मी वहिनीला लिहायला घेतलं होतं. पाठवलं नाही. कारण आमच्या पेरोलमधल्या तिघी दर मंगळवारी संध्याकाळी स्लिमिंगच्या मंडळात वजन करून येतात आणि बुधवारी ऑफिसात फक्त एकमेकींच्या डब्यांचं ऑडिट चालतं. डोकावतात, चांगल्याच डोकावतात. माझ्या डब्यात मात्र कुणी डोकावत नाही. "ओह, लव्हली, स्पायसी?" एवढ्यावर माझं ऑडिट संपतं. एकोणीस वर्षं झाली. कुणीतरी एकदा तरी म्हणावं ना की बाई, भात कमी कर.

कुणी म्हणालं नाही असंही नाही. मागच्या वर्षी जीपीकडच्या, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडच्या, नर्सनं म्हटलं. एचबीएवनसी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, इथल्या मापात 43 आला होता. 42 ते 47 म्हणजे मधुमेहाच्या कुंपणावर. वजन, उंची घेतली. मी भिंतीवरचा तक्ता बघून म्हटलं, बीएमआय 24, हिरव्यातच आहे की. तिनं अगदी मायेनं सांगितलं, "तुमच्या बॅकग्राउंडच्या लोकांसाठी आपण 25 नाही, 23 धरतो." खरंच आहे ते, दक्षिण आशियाई शरीरात मधुमेह कमी वजनालाच गाठतो, त्यामुळे रेषा अलीकडे ओढतात. शास्त्र म्हणून मला मान्य. पण राणीच्या फोटोसमोर शपथ घेऊन, कौन्सिल टॅक्स भरून, मॅजिक राउंडअबाउट नावाच्या इथल्या चक्रावून टाकणाऱ्या चौकात न थांबता गाडी घालायला शिकून झाल्यावर कळलं की माझं पोट अजून कराडचंच आहे. त्या दिवशी बाहेर येऊन मी एक बॅप घेतला. ब्राउन सॉस जास्त घालून.

इथून अर्ध्या-पाऊण तासावर एक गाव आहे. लिहितात कॅल्न, म्हणतात 'कान'. विल्टशर क्युअर म्हणून जे बेकन जगभर विकलं जातं, ती खारवायची पद्धत या भागातली. एकोणिसाव्या शतकात तिथल्या हॅरिस कुटुंबानं बर्फघर बांधलं. थंडाव्यामुळे मीठ कमी घालून चालायला लागलं, आणि उन्हाळ्यातही मांस खारवता यायला लागलं. त्याआधीचं बेकन खारट दगडच असणार. पुढे कारखाना एवढा वाढला की अख्खं गाव त्यावर जगायचं. तो 1980 च्या दशकात बंद पडला, पाडला गेला. गावात आता डुकरांचं ब्राँझचं शिल्प आहे. पोरं त्यांच्या पाठीवर बसतात, पाठी घासून चकचकीत झाल्यात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू आवरेना. आमच्या गावात डुक्कर म्हटलं की नगरपालिकेची धरपकड मोहीम, आणि इथे त्याचा पुतळा.

शेजारच्या आजी नव्वदीकडे झुकल्यात. रेशनवर वाढलेल्या. 8 जानेवारी 1940 ला इथे लोणी, साखर आणि बेकनचं रेशनिंग सुरू झालं. माणशी आठवड्याला चार औंस बेकन, म्हणजे सव्वाशे ग्रॅमसुद्धा नाही. मांस आणि बेकन मोकळं झालं थेट 1954 च्या जुलैत. आजी सांगतात, बेकन वडिलांना, आणि तव्यातली चरबी मुलांना, ब्रेडवर. ती चरबी त्यांची आई एका कानतुटक्या कपात साठवायची. मी त्यांना आमच्या बेरीबद्दल सांगितलं, तूप कढवल्यावर तळाला राहते ती, साखर घालून आम्ही भांडून खायचो. त्यांना ते लगेच समजलं. कोथरूडला समजावताना मात्र मी थकले.

का थकले, ते आता सांगते. मला राग आला तो कॅलरीचा नव्हताच. वहिनीच्या 'काहीही'मध्ये मला माझाच जुना आवाज ऐकू आला.

आमच्याकडे मटण चालायचं. बुधवारी, रविवारी, पाहुणे आले की. डुक्कर नाही. का नाही, हे कुणी शिकवलं नव्हतं. चपला दारात काढायच्या, तितकंच ते उघड होतं. सहावीत माझ्या बाकावर वडारवस्तीतली एक मुलगी बसायची. एकदा बाईंनी विचारलं, काल सणाला कुणी कुणी काय खाल्लं? पुरणपोळी, पुरणपोळी, पुरणपोळी. ती उभी राहून मोकळेपणानं म्हणाली, "आमच्यात डुकराचं मटण होतं." वर्ग हसला. मीही हसले, आणि मधल्या सुट्टीनंतर दप्तर उचलून मागच्या बाकावर गेले. आमच्या स्वयंपाकघरातल्या पाट्याला टाकी लावायला तिचे वडील यायचे. त्या पाट्यावर वाटलेलं वाटण आम्हाला चालायचं.

आता मी दुकानात उभी राहून स्मोक्ड की अनस्मोक्ड यावर मत देते. नाव बदललं, प्लास्टिकच्या पाकिटात आलं, इंग्रजीत आलं, आणि चालायला लागलं. दादाच्या घरातही तेच: भाचीनं 'बेकन' आणलं म्हणून निदान चर्चा तरी झाली. 'डुकराचं' आणलं असतं तर तवा बाहेर गेला असता. ऑफिसातली मडगावची मैत्रीण मला याच्यावरून नेहमी टोचते. स्विंडनमध्ये गोवेकर भरपूर, त्यांच्या दुकानांत चोरिसाच्या, म्हणजे डुकराच्या मसालेदार गोवन सॉसेजच्या, माळा लटकलेल्या असतात. "चोरिस बघून नाक मुरडतं आणि बेकन खाता, काय गो हे तुझं?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. आता मी तिच्याकडचं चोरिस खाते, भरपूर कांदा घालून, पावाबरोबर. त्याच्या कॅलरी मी मोजत नाही.

आई 2014 च्या उन्हाळ्यात आली होती. ती यायच्या आदल्या दिवशी मी फ्रीजर रिकामा केला, बेकनची पाकिटं शेजारच्या आजींकडे ठेवायला दिली, खिडक्या उघडल्या. पण तो वास पडद्यात बसतो. आई आत आली, कोट काढता काढता म्हणाली, "काय तळलं होतंस गं? खमंग वास येतोय." मी म्हटलं, टर्की. "ते काय असतं?" "मोठी कोंबडी." सहा आठवडे राहिली. मी भरली वांगी केली, पिठलं केलं, आजींकडून पाकिटं काही परत आणली नाहीत. हीथ्रोला सोडताना रांगेत माझा हात धरून म्हणाली, "ती तुझी मोठी कोंबडी काही खाऊ घातली नाहीस." तिला कळलं होतं का, हे मी पाच वर्षं विचारीन विचारीन म्हणत राहिले. 2019 मध्ये ती गेली.

भाचीला मी रविवारी रात्री उत्तर लिहिलं. परवडतात. दोन पट्ट्या, रोज नाही, आठवड्यातून एकदा. तव्यातलं तूप टाकून देऊ नकोस, त्यातच कांदा परत. ब्रेड नको. प्रोटीन हवं असेल तर अंडी खा. 'तूप' लिहिलं गेलं हे पाठवल्यावर लक्षात आलं, मग तसंच राहू दिलं.

काल शनिवार होता. दोन रॅशर बारीक कापून कढईत घातले, चरबी सुटली तसं तेल घातलंच नाही, मोहरी, मिरची, कढीपत्ता, कांदा, भिजवलेले पोहे. दाण्यांऐवजी बेकन. मीठ चवीपुरतंही नाही. ताटलीचा फोटो काढून ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "डुकराचे पोहे." पहिल्यांदाच तो शब्द लिहिला तिथे.

बराच वेळ दोन निळ्या खुणा नुसत्या दिसत राहिल्या. दादानं काही लिहिलं नाही. भाचीनं बदाम टाकला. मग वहिनी टाइप करतेय असं दिसायला लागलं, थांबलं, परत दिसायला लागलं.

"वर खोबरं घालायचं राहिलं तुमचं," तिनं लिहिलं. "आणि लिंबू कुठाय?"