हिरे आभासी, भाव मात्र डॉलरचा
परत तेच! गेममधलं दुकान उघडलं, हिऱ्यांची (म्हणजे खरे पैसे देऊन घ्यायच्या गेममधल्या चलनाची) थैली चमकली आणि खालची किंमत बघून डोकंच फिरलं. गेम कंपन्यांचं ठरलेलं: डॉलरचा भाव घ्यायचा, विनिमय दराने गुणायचा, वर कर चढवायचा, झालं! खेळणाऱ्याच्या देशातल्या माणसाची मिळकत किती, याचा विचार शून्य. बरं, सोय नाही म्हणावं तर ॲपलने डिसेंबर २०२२ मध्येच ॲपवाल्यांना भाव निवडायला ९०० किंमत-टप्पे जाहीर केलेत, गूगल प्लेवरही देशागणिक वेगळा भाव लावता येतो. तेवढे कष्ट कोण घेणार? आणि हिरा म्हणजे काय, तर सर्व्हरवरचा एक आकडा! ना गोदाम, ना वाहतूक. त्यात तलवार ५२० हिऱ्यांची, थैली ५०० ची. वीस हिऱ्यांसाठी अख्खी दुसरी थैली घ्या! व्हीपीएन (आपण दुसऱ्याच देशात आहोत असं भासवणारी सोय) लावून कुणी स्वस्त देशातून घेतले, तर खातं बंद करायला मात्र कंपनी लगेच हजर.