आत्याची भाकरी कुणी बंद केली?

रविवारी कोल्हापुरात मंगळवार पेठेत आत्याकडे जेवायला गेलो. ताटात मटण, तांबडा रस्सा, वाटीभर भात. तिच्या ताटात भाकरी नाही. विचारलं तर म्हणाली, "सोडलो बघ मी. मटकी, पालेभाजीबी सोडलो. त्यो सगळा चोथा आतड्यात सडतोय म्हणत्यात." आणि फोन पुढं केला. 'फायबर म्हणजे कचरा' असा मथळा, खाली दोन स्क्रीन भरून मजकूर: चोथा पचत नाही म्हणजे निरुपयोगी. तो सडून वाईट जंतू पोसतो, पोटातला गॅस हा त्याचा पुरावा. आपले पैलवान मटण-दुधावरच जगतात. तेव्हा रोज सकाळी मिठाच्या पाण्यानं आतडी धुवा, जंतूंना उपाशी मारा आणि मग आमची पावडर घ्या.

पैलवानांचं आधी उरकतो. लिहिणाऱ्यानं गंगावेस तालमीत एखाद्या पैलवानाच्या जेवणाला बसून भाकऱ्या मोजाव्यात, आणि थंडाईत बदाम किती पडतात तेही बघावं.

'पचत नाही' हे अर्धं खरं, कबूल. ज्वारीच्या कोंड्यातले, मटकीच्या सालीतले तंतू, म्हणजे हाच चोथा, तोडायची विकरं (एन्झाइम) आपल्याकडे जवळजवळ नाहीतच. पण मोठ्या आतड्यातल्या जंतूंकडे आहेत, आणि ते हे तंतू आंबवतात. रेणुकेच्या यात्रेला आपण आंबील करतो, तेव्हा पीठ सडलं म्हणतो का? या आंबण्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार होतं. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी सुमारे ७० टक्के ऊर्जा त्यातूनच मिळवतात. गॅस हा त्याच कामाचा धूर. ज्याला सवय नाही त्यानं एकदम दोन वाट्या उसळ हाणली तर पोट फुगणारच. काहींना कांदा-लसूणही सोसत नाही, आणि आतडं अरुंद झालेल्यांना डॉक्टरच चोथा कमी करायला सांगतात. पण ती पथ्यं ज्याची त्याला.

आता 'जंतूंना उपाशी मारा'. हे वाचून मात्र डोकं फिरलं. मिशिगन विद्यापीठातल्या एरिक मार्टेन्स यांच्या गटानं २०१६ साली 'सेल' या नियतकालिकात एक प्रयोग मांडला. जंतूंशिवाय वाढवलेल्या उंदरांच्या पोटात त्यांनी माणसाच्या आतड्यातल्या १४ जातींचे जंतू सोडले. काही उंदरांना तंतू असलेलं खाद्य, काहींना अजिबात तंतू नसलेलं. बिनतंतूच्या पोटांत जंतू मेले नाहीत. तंतू खाणाऱ्या जाती घटल्या आणि आतड्याच्या भिंतीवरचा बुळबुळीत थर कुरतडणाऱ्या जाती माजल्या. तो थर म्हणजे जंतू आणि आपली भिंत यांच्यामधला बांध. तो पातळ झाला. मग उंदरांना आजारी पाडणारा एक जंतू आत सोडला, तेव्हा हेच उंदीर जबर आजारी पडले आणि तंतू खाणारे बरेचसे तगले. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, मान्य. पण मेसेजवाल्याकडे उंदीरसुद्धा नाही.

आणि ते मिठाचं पाणी! लिटरभर कोमट पाण्यात दोन चहाचे चमचे मीठ, सलग तीन दिवस. दोन चमचे म्हणजे दहा ग्रॅमच्या वर. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराच्या जेवणात मिळून पाच ग्रॅमच्या आत राहा म्हणते. आत्या बारा वर्षं रक्तदाबाची गोळी घेते. लोणच्याची फोड धुऊन खाणारी बाई हे पाणी नाक दाबून प्याली, कारण खाली 'आयुर्वेदिक' लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी जुलाब आणि चक्कर. 'विष बाहेर पडतंय' असंही मेसेजात आधीच लिहून ठेवलेलं, म्हणून घरात कुणाला बोलली नाही.

पावडरीबद्दल काय बोलायचं, मेसेज तिच्यासाठीच लिहिलाय. तरी एक गोष्ट मलाही मुकाट मान्य करावी लागते. स्टॅनफर्डमध्ये ३६ जणांवर झालेल्या २०२१ च्या अभ्यासात नुसते तंतू वाढवून काही आठवड्यांत जंतूंचं वैविध्य वाढलं नाही. वाढलं ते दह्यासारखे आंबवलेले पदार्थ खाणाऱ्यांत. म्हणजे भाकरी ही जादूची कांडी नाही. पण ताक आत्याच्या घरात रोज होतं, त्याला डबा कशाला मागवायचा?

रात्री तिनं अर्धी भाकरी खाल्ली. उसळ उद्यावर ढकलली. मेसेज अजून डिलीट केलेला नाही, कारण तो विहिणीनं पाठवलाय.