'खाडीकाठचा' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर (लांबलंय, इलाज नाही)

नमस्कार खाडीकाठचा,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली, तेव्हाच उत्तर टाइप करायला घेतलेलं पण लाईट गेली. गेली ते बरंच झालं, ते उत्तर याच्यापेक्षा तिखट होतं.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या पोस्टमध्ये मी आमच्या बंड्या कुत्र्याच्या आखडलेल्या पायांना ग्लासगो स्केलवर, म्हणजे कुत्र्याला किती दुखतंय ते मोजायच्या फॉर्मवर, मार्क दिले होते (जास्त मार्क म्हणजे जास्त दुखणं). यांचं म्हणणं, ते स्केल ऑपरेशन, जखम असल्या ताज्या दुखण्यासाठी आहे, म्हाताऱ्या कुत्र्याच्या सांधेदुखीला लावणं चूक. शिवाय एकूण मार्क मी २० लिहिले ते २४ हवेत, लोक आकडा बघून घरातलीच गोळी देतील, आणि शेवटी हे, "चाकरमान्यांनी गावात येऊन कुत्र्यांना मार्क द्यायची नाटकं करू नयेत, आमची कुत्री अशीच जगली."

२४ चं बरोबर आहे. कुत्र्याला चालवून बघता येत नसेल तर तो भाग सोडून २० पैकी धरतात, बंड्या चालत होता, मी घाईत चुकले. दुरुस्त केलंय. झालं?

आता ते शेवटचं वाक्य. चाकरमानी कोणाला म्हणताय? ठाण्यात १९ वर्षं नोकरी केली हो, पण जन्म गुहागर तालुक्यातला, शेणाने सारवलेल्या पडवीत वाढले, नि कुत्र्याशिवायचं घर मी लहानपणी बघितलंच नाही. तुम्ही नाव न घालता लिहिणार नि गावपण मात्र मी सिद्ध करायचं!

आणि "अशीच जगली" म्हणजे कशी, ते ऐका. आजोबांचा राजा नावाचा कुत्रा होता, एकदा तीन दिवस तो गवताच्या उडवीमागे पडून, भाकरी टाकली तर हुंगायचा नि तोंड फिरवायचा, आजी म्हणायची कुत्र्याची जात, पडेल नि उठेल, आजोबा म्हणायचे गप आहे म्हणजे बरा आहे. चौथ्या दिवशी वास आला म्हणून काका काठीने गवत बाजूला करून बघतात तर मागच्या मांडीत किडे पडलेले. तोंडातून आवाज नाही हो त्याच्या. केकाटला असता तर पहिल्याच दिवशी बघितलं असतं सगळ्यांनी. तो गेला, मी आठ वर्षांची होते, ती मांडी अजून डोळ्यासमोर आहे. तुमच्याकडची कुत्री "अशीच जगली" ती बहुतेक उडवीच्या पुढच्या बाजूला असतील.

म्हणून मला तो फॉर्म आवडतो. ग्लासगो युनिव्हर्सिटीतल्या लोकांनी केलेला आहे, त्यात आवाज हा सहातला एकच भाग, बाकी जखमेकडे किती लक्ष, चाल कशी, हात लावल्यावर काय करतो, वागणं, बसण्याची ढब. दोन पावसाळ्यांपूर्वी बंड्याला रानडुकराने फाडला, चिपळूणहून डॉक्टर येऊन टाके घालून गेले, रात्री मी टॉर्च घेऊन ओट्यावर त्याच्याशेजारी. टाक्यांपासून दोन इंच लांब बोटांनी हलकं दाबलं. ओरडला नाही, गुरगुरला नाही, फक्त मान वळवून माझ्या मनगटाकडे बघितलं. त्याला १ मार्क आहे त्या फॉर्मात. जखम चाटत होता त्याचे २, अंगणात नेलं तर ओढत ओढत चालला त्याचे २, हाक मारली तर कान हलेना त्याचे २, जागा बदलत होता त्याचा १. आवाज शून्य नि बेरीज ८! २४ पैकी ६ झाले की वेदनेचं औषध वाढवायचा विचार करायचा असतो. डॉक्टरांना फोनवर आठ म्हटलं, ते सकाळी सातला इंजेक्शन घेऊन दारात. "दुखतंय बहुतेक" म्हटलं असतं तर आले असते का, सांगा.

याला नाटक म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा, तिकीट लावलेलं नाही.

गोळीचं म्हणाल तर मी कुठेच गोळी द्या असं लिहिलेलं नाही, उलट जुन्या पोस्टमध्ये स्वच्छ लिहिलंय की माणसांचं आयबुप्रोफेन कुत्र्याला देऊ नका, पोटात अल्सर होतात नि किडनी जाते. न वाचताच प्रतिक्रिया टाकायची तर असंच होणार.

राहता राहिलं ताजं दुखणं नि जुनं दुखणं. माहितीये मला. जुन्या सांधेदुखीला हेलसिंकीचा ११ प्रश्नांचा वेगळा फॉर्म आहे, मालकाने भरायचा, ४४ पैकी. पण माझ्या पोस्टचा मुद्दा तो नव्हताच, बघायला शिका एवढाच होता, त्यामुळे त्या फाट्यावर आत्ता वळत नाही, कधीतरी वेगळं लिहीन. आज मासेवाली आली, मी बांगड्याची डोकी टाकली, बंड्या उठेपर्यंत मांजराने दोन नेली. ग्लासगोवर याचे किती होतात ते मी मोजलेले नाहीत.

आणि पुढच्या वेळी नाव घालून लिहा, नाहीतर अप्रूव्ह करणार नाही.