हरित पट्टा उठवल्याने बेळगावात घरे स्वस्त होणार नाहीत

बेळगाव परिसरात सध्या एक मजकूर मोबाईलवरून हातोहात फिरतो आहे. त्याचा आशय असा की, शहराभोवतीचा हरित पट्टा, म्हणजे आराखड्यात शेतीसाठी राखलेली जमीन, हेच घरांच्या महागाईचे मूळ असून येळ्ळूर, वडगाव, शहापूर, अनगोळ, मजगाव आणि हलगा या बाजूची ‘तोट्यातली’ शेती निवासी क्षेत्रात घ्यावी. नव्या वसाहतींत उद्याने राखली की हिरवाई टिकेल, पावसाच्या पाण्याची सोय गटारे करतील आणि भरपाई मिळाल्यामुळे शेतकऱ्याचेही भले होईल. घरांची गरज खरी आहे, हे आधीच मान्य करतो. बाकीच्या दाव्यांबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही.

प्रथम किमतीचा दावा पाहू. शेत बिनशेती होऊन त्याचा लेआऊट, म्हणजे भूखंडांची आखणी, पडतो, तेव्हा बाजारात येतो तो भूखंड; घर नव्हे. रस्ते, उद्यान आणि नागरी सुविधांची जागा सोडल्यावर एकरातील निम्म्याच्या आसपासच जागा विकता येते आणि तिच्या किमतीत मूळ जमीन, विकासाचा खर्च, दलाली व नफा हे सारे चढत जाते. हा भूखंड घेणाऱ्यांत बांधकामाची घाई नसलेला, पुढे भाव वाढेल म्हणून पैसे गुंतवून ठेवणारा माणूस मोठ्या संख्येने असतो. शहराच्या कडेच्या कोणत्याही जुन्या लेआऊटमध्ये झुडपे माजलेले रिकामे प्लॉट पाहिले की याची खात्री पटते. केंद्र सरकारच्या तांत्रिक गटाने २०१२ मध्ये देशातील शहरी घरांची तूट सुमारे १.८८ कोटी असल्याचे सांगितले होते. त्यातील ९५ टक्क्यांहून अधिक तूट आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांची होती. त्याच्या आदल्या वर्षीच्या, म्हणजे २०११ च्या जनगणनेत मात्र शहरांमध्ये सुमारे १.१ कोटी घरे रिकामी आढळली होती. अर्थात जागेची टंचाई हे तुटीचे एकमेव कारण नाही. ज्याला घर हवे आहे त्याच्या आवाक्यातले घर बांधले जात नाही, आणि हरित पट्टा उठवल्याने तो आवाका तसूभरही वाढत नाही. लिलावात चढ्या बोलीने गेलेला भूखंड हमालाच्या किंवा यंत्रमाग कामगाराच्या कुटुंबाला मिळाला, असे निदान मी तरी ऐकलेले नाही.

शेती तोट्यात आहे, हा दावा अर्धा खरा असल्यामुळेच अधिक फसवा आहे. वडगाव-शहापूर शिवारातली काळी जमीन पावसाळ्यात भात देते, बेळगाव बासमतीचे नाव याच मातीमुळे झाले, आणि भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर मसूर, हरभरा, वाटाणा अशी रब्बीची पिके येतात. अशा शेताला तोटा का होतो? लावणी झालेले भात बळ्ळारी नाल्याच्या पुराखाली कुजते, हे त्याचे एक मोठे कारण आहे. या नाल्यात शहराचे सांडपाणी उतरते, गाळ व जलपर्णी साचते आणि काठाच्या भरावांमुळे पात्र आवळत जाते. शहरानेच शेत बुडवायचे आणि मग बुडालेल्या शेताचा दाखला देऊन ते शहरासाठी मागायचे, असा हा न्याय आहे.

येथेच पाण्याचा मुद्दा येतो, आणि माझ्या मते सर्वांत गंभीर दावा हाच आहे. एका एकरावर २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे एक लाख लिटर पाणी जमा होते. बांध घातलेल्या भातखाचरात चार बोटे पाणी उभे राहिले, तर तेच एक एकर शेत तीन लाख लिटरच्या आसपास पाणी काही काळ थोपवून धरते आणि त्यातले काही हळूहळू जमिनीत मुरवते. फरशी, काँक्रीट आणि डांबर यांखाली गेलेले तेच एकर पाणी थोपवत नाही. ते पाणी लगेच गटारात आणि गटारातून पुन्हा त्याच नाल्यात जाते. ऑगस्ट २०१९ च्या अतिवृष्टीत बेळगावच्या सखल वसाहतींत पाणी शिरले, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. नाल्याकाठची खाचरे बुजवून तेथे घरे बांधली, तर आज पिकात शिरणारे पाणी उद्या स्वयंपाकघरात शिरेल, आणि ती घरे घेणारे लोकही कर्ज काढून आलेले सामान्यच असतील.

उद्यानांच्या दाव्याला फार वेळ द्यायला नको. हिरवळीच्या तुकड्यातून ना तांदूळ येतो, ना गोव्याच्या बाजारात रोज जाणारी भाजी.

भरपाईच्या दाव्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या आहेत. सरकारने संपादन केले, तर २०१३ चा भूसंपादन कायदा लागू होतो. त्याच्या कलम १० नुसार बहुपीक बागायती जमीन अपवादात्मक परिस्थितीत, शेवटचा उपाय म्हणूनच घेता येते. रस्ते, रेल्वे यांसारख्या रेषीय प्रकल्पांना त्यातून सूट असल्याने शेतजमिनीतून जाणाऱ्या हलगा-मच्छे बायपासचा वाद निराळा. वसाहत मात्र रेषीय प्रकल्प नव्हे. तरीही या कलमावर फार विसंबून राहता येत नाही, कारण आपली बरीच भातशेती पावसावरची आहे आणि कर्नाटकाच्या २०१९ च्या दुरुस्तीने परवडणाऱ्या घरांसह काही प्रकल्पांना सूट देण्याचा अधिकार राज्य सरकारला दिला आहे.

खासगी लेआऊटमध्ये तर संपादनच होत नाही, थेट खरेदी होते. २०२० मध्ये कर्नाटकाच्या जमीन सुधारणा कायद्यातील ७९-अ आणि ७९-ब ही कलमे रद्द झाल्यापासून बिगरशेतकऱ्यालाही शेतजमीन घेणे सोपे झाले आहे. अशा व्यवहारात पैसे मिळतात ते उताऱ्यावर नाव असलेल्याला. लावणी-कापणीला जाणाऱ्या बायकांना किंवा तोंडी कराराने वाट्याने शेत करणाऱ्याला त्यातला छदामही मिळत नाही. ‘कोणाचेच नुकसान नाही’ असे लिहिणाऱ्याने या लोकांना मोजलेलेच नाही.

शेतकरी स्वतःच विकायला तयार आहेत, असेही त्या मजकुराच्या शेवटी म्हटले आहे. काही जण तयार आहेत, हे खरे. पण शेजारच्या शेतात भराव पडून आपल्या शेताचा निचरा बंद झाला, वहिवाटीची वाट अडली आणि तीन हंगाम भात हाती लागले नाही, की चौथ्या वर्षी दिलेल्या होकाराला राजीखुशी म्हणणे कठीण आहे. शहराच्या बृहत् आराखड्यात शेती म्हणून दाखवलेल्या जमिनीचा वापर तुकड्या-तुकड्याने बदलून दिला जातो, तेव्हा नेमके हेच घडते. म्हणून असा प्रत्येक बदल मंजूर करण्यापूर्वी त्या शेताचे पाणी कोणत्या नाल्यात जाते आणि खालच्या बाजूला कोणाचे शेत आहे, याची नोंद प्रस्तावात सक्तीची केली पाहिजे.