यादीत ‘इतर’ नाही

एका आजींच्या गोष्टीचं चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग एका भाषासंग्रहाला द्यायचं होतं. रेकॉर्डिंग एका दुपारी झालं. त्याच्या माहितीचा फॉर्म अजून चालू आहे.

अट एकच: नियंत्रित शब्दसंग्रह वापरा. म्हणजे यादीत असेल तोच शब्द, मनाचं काही नाही. अट जाचक खरी, पण ती माझ्यासारख्यांमुळेच आली. माझ्या जुन्या तक्त्यात एकाच प्रकाराला ‘कथा’, ‘गोष्ट’, ‘लोककथा’ आणि पेंगत टाइप केलेलं ‘गोश्ट’ अशी चार नावं आहेत. एका ‘गोष्ट’पुढे चुकून स्पेस पडलीय, संगणकाच्या लेखी तो वेगळाच साहित्यप्रकार. शोधायला जावं तर निम्म्या गोष्टी बेपत्ता.

पहिला रकाना भाषेचा. इथे आयएसओ ६३९-३ या भाषांच्या आंतरराष्ट्रीय यादीतले तीन अक्षरी कोड लागतात. मराठीचा कोड एम-ए-आर, वाचायचा ‘मार’. सुरुवातच मार खाऊन.

पुढे बोलण्याचा प्रकार. ओलॅक हे भाषासंग्रहांचं जाळं २००० साली सुरू झालं. त्यांच्या यादीत असे १० प्रकार आहेत. ‘इतर’ नाही! आजींनी गोष्ट सुरू केली, म्हणून ‘कथन’ निवडलं. तिसऱ्या मिनिटाला त्या गायला लागल्या. मग मला कोडं घातलं, ते सुटेना म्हणून हसल्या, माइक कसा धरायचा ते शिकवलं आणि शेवटी मांजराला उद्देशून जे काही बोलल्या त्याला ‘वक्तृत्व’ म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं. एकाहून जास्त प्रकार चालतात म्हणे. मी पाच निवडले.

रेकॉर्डिंगमध्ये कोणाचा काय सहभाग, त्या भूमिकांची यादी त्याहून लांब: वक्ता, गायक, अनुवादक, अगदी प्रायोजकसुद्धा. पण दाराशी उभं राहून दर वाक्याला “असं नव्हतं ते!” म्हणणाऱ्या शेजारणीसाठी त्यात जागा नाही. तिला ‘सल्लागार’ केलं. ती खूश.

दोन मिनिटं मात्र काही केल्या कळेनात. तिथे ‘अनाकलनीय बोलणं’ टाकलं. फॉर्म परत आला: “हा प्रकार मुळात समजण्यासाठी नसलेल्या बोलण्याचा आहे. तुम्हाला न समजलेल्या बोलण्याचा नव्हे.”

हेडफोन लावून पुन्हा ऐकलं. पंख्याच्या घरघरीत आवाज माझाच होता. मी आजींना संमतीपत्रातली कलमं समजावून सांगत होतो.

प्रकार बदलला नाही.